धाग्यांची उशी

"जाऊबाई, उशी घेऊन कुठे निघालात?"

थोरलीनं काखेतली उशी आणखी घट्ट धरली. हिची नजर चुकवून निघावं म्हणून ती केव्हाची दाराआड उभी होती, पण धाकटी पडवीतून हलायचं नाव घेईल तर ना!

"दवाखान्यात," थोरली म्हणाली.

"उशीला काय झालं?"

"तुला काय करायचंय?"

धाकटी हसली. तिला कधी राग म्हणून यायचाच नाही, आणि थोरलीच्या मते हाही तिचा एक दुर्गुणच होता. भांडायला समोरच्यानं थोडी तरी साथ द्यायला नको? दोघींच्या खोल्यांपुढे मिळून एकच पडवी. तिथे धाकटी पाय पसरून बसली होती. मांडीवर शर्टांचा ढीग, हातात कटर, आणि धागे तर केसांत, कपड्यांवर, पायांच्या बोटांत, जिकडे तिकडे. नाकावर चष्मा होता. सोनेरी काड्यांचा, पातळ काचांचा, कार्डावर मिळालेला. कार्डवाल्या बाईला दर दोन वर्षांनी डोळे तपासून नवा चष्मा मिळतो. धाकटीचा हा नववा. धाकटीला स्वतःला आठवत नसेल, पण थोरलीनं मोजलेले होते.

थोरलीच्या नाकावरचा चष्मा तिच्या नवऱ्याचा. नवरा जाऊन सहा वर्षं झाली आणि चष्मा मागे राहिला. डावी काडी मोडली तेव्हा तिनं ती धाग्यानं बांधली, तीही अशी की गाठ कुठे आहे ते शोधून सापडू नये. त्यातून जवळचं बरं दिसायचं, लांबचं अजिबात नाही. गेल्या वर्षापासून गडद रंगाच्या शर्टावरचे गडद धागे तिला दिसेनासे झाले होते, म्हणून ती फक्त पांढरा माल घ्यायची आणि विचारलं तर सांगायची, मला बाई पांढराच आवडतो.

"येऊ का बरोबर?" धाकटीनं मागून विचारलं. "आज नोंदणीचा शेवटचा दिवस आहे ना. साक्षीला कुणी लागतं म्हणे."

म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं! थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मला वाट माहीत आहे," ती म्हणाली आणि उशीसकट पायऱ्या उतरली.

आता उशीचं सांगायला हवं. कारखान्यात शर्ट शिवून झाला की शिलाईच्या टोकांना धागे लोंबत राहतात. प्रत्येक शर्टाला पंचवीस-तीस तरी. ते एकेक करून कापायचे, कापडाला धक्का न लावता, हे या गल्लीतल्या बायांचं काम. गठ्ठेवाला सकाळी गठ्ठे टाकून जातो आणि दुसऱ्या दिवशी साफ केलेले घेऊन जातो. कापलेले धागे मात्र तो नेत नाही. आता एवढे धागे टाकायचे कुठे? म्हणून गल्लीत घराघरात उश्या धाग्यांच्याच. कापसासारख्या मऊ नसतात, डोकं ठेवलं की कानात खरखरतं, पण फुकट म्हटल्यावर तक्रार कोण करणार! थोरलीची उशी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीची. धागे दबले की ती एका बाजूची शिवण उसवायची, नवे भरायची, पुन्हा शिवायची. असं एकतीस वर्षं चाललं होतं.

हे काम मुळात घरातलं नव्हतंच. सासूच्या वेळी ते कारखान्यात व्हायचं. सासू भोंगा वाजला की निघायची, भोंगा वाजला की परतायची. आधी म्हणे दिवसाचे बारा तास उभं राहून धागे कापायला लागायचे. मग एकदा सगळ्या बाया मिळून कारखान्याच्या फाटकाबाहेर जाऊन बसल्या, सतरा दिवस. आठ तासांचा दिवस पाहिजे, दुपारी अर्धा तास पाहिजे आणि बसायला स्टूल पाहिजे. मालकानं तिन्ही दिलं. सासू त्या स्टुलाची गोष्ट अशी सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई सिंहासनावर बसून आली. पण दोनच वर्षांत मालकानं तो विभागच बंद केला. काम बंद नाही हं, फक्त विभाग. तेच शर्ट गठ्ठे बांधून त्याच बायांच्या घरी यायला लागले. आता तासही नाहीत, भोंगाही नाही, हजेरीच्या पुस्तकात नावही नाही. "आता बसायचं कुणाच्या दारात?" सासू म्हणायची. "दार आपलंच!" थोरलीला काम शिकवलं ते या सासूनं. धाकटी लग्न होऊन आली तोवर सासूची नजर गेली होती, तेव्हा धाकटीला शिकवलं थोरलीनं.

आणि कार्ड मिळालं धाकटीला! एकोणीस वर्षं झाली त्याला.

त्या दिवशी दुपारी गठ्ठेवाला धापा टाकत गल्लीत आला होता. "पाहणीवाले आलेत गं! कोण कारखान्याचं काम करतं ते लिहून घेताहेत. सगळं आत टाका! विचारलं तर एकच सांगायचं, आम्ही घरीच असतो. जिच्या घरात एक धागा सापडेल तिचं काम उद्यापासून बंद."

थोरलीला कुठलंही काम अर्धवट करता यायचं नाही, मग लपवायचं तरी कसं येईल? पाव तासात तिनं ऐंशी शर्ट गोधड्यांच्या घड्यांत घातले, खोली झाडली, ओल्या फडक्यानं पुसली. मग तळहात ओला करून स्वतःच्या अंगावरून फिरवला आणि कपड्यांना चिकटलेला धागा न् धागा टिपून घेतला. पाहणीवाली बाई दारात आली तेव्हा खोली नुसती लखलखत होती. बाई तरुण होती, हातात फाईल, उन्हानं चेहरा लाल. थोरलीनं तिला बसायला दिलं, टेकायला उशी दिली. तीच ही उशी! एकतीसपैकी बारा वर्षांचे धागे पाठीशी घेऊन बाईनं विचारलं, "काय काम करता?"

"काही नाही. घरीच असते."

बाईनं लिहून घेतलं.

शेजारी धाकटी तान्ह्या मुलीला घेऊन झोपली होती. गठ्ठेवाल्याच्या ओरडण्यानं जागी झाली आणि घाईघाईत तिनं गठ्ठा पलंगाखाली ढकलला, तो असा की शर्टांच्या बाह्या बाहेर लोंबत होत्या. पोरीच्या मुठीत निळा धागा. थोरलीला भिंतीपलीकडून पाहणीवाल्या बाईचं हसू ऐकू आलं, मग धाकटीचं काहीतरी हळू आवाजातलं बोलणं. थोड्या वेळानं ती बाई पुन्हा थोरलीच्या दारात उभी. "पाणी मिळेल का?"

थोरलीनं पाणी दिलं. बाई भांडं हातात धरून खोलीभर बघत राहिली, कोपऱ्यांत, पलंगाखाली. "नक्की काही काम करत नाही ना, बाई?"

"बघा की!" थोरली म्हणाली. "दिसतोय का कुठे एक तरी धागा?"

"घर फार स्वच्छ आहे तुमचं," बाई म्हणाली आणि गेली.

हा प्रसंग थोरलीनं पुढे किती जणींना सांगितला असेल! धाकटीकडे बसलेली असूनही बाई पाणी प्यायला माझ्याकडे परत आली. येणारच! धाकटीकडच्या पाण्यातसुद्धा धागा निघाला असता.

दुसऱ्या दिवसापासून धाकटीचं काम बंद झालं. दोन महिने बंद होतं. थोरलीनं आपल्या गठ्ठ्यातले निम्मे शर्ट गुपचूप तिला दिले. दया आली म्हणून दिले, आणि खरं सांगायचं तर थोडी मजाही वाटली. सगळ्या गल्लीत सहाजणी सापडल्या होत्या, सहाही गबाळ्या. मग एक दिवस ती पाहणी करणाऱ्या कामगार मंडळाकडून टपाल आलं. ज्यांची नावं लिहिली गेली त्यांना कार्ड. कार्डवाल्या बाईचं काम गठ्ठे पाठवणाऱ्या ठेकेदाराला बंद करता येणार नाही. आजारी पडली तर भरपगारी सुट्टी, दवाखाना, चष्मा, मुलांच्या शाळेला मदत, म्हातारपणी दरमहा रक्कम. गल्लीतल्या नीटनेटक्या बाया एकमेकींकडे बघत राहिल्या.

तेव्हापासून थोरलीच्या डोळ्यांत धाकटी खुपायला लागली ती कायमची. धाकटीला ताप आला की ती चार दिवस झोपून राही, थोरली तापात धागे कापी. धाकटीची मुलगी शिकून कुठे नोकरीला लागली, थोरलीचा मुलगा शाळा सोडून परगावी मजुरीला गेला. मंडळाच्या वर्षाच्या मेळाव्याला धाकटी नवे कपडे घालून बसमध्ये बसायची आणि संध्याकाळी येऊन सांगायची, जाऊबाई, आज तिथे भाषणं काय झाली! थोरली म्हणायची, "माझं दूध उतू जातंय." दूध नसायचंच. आणि सगळ्यांत झोंबणारी गोष्ट ही की धाकटीला काम येत नव्हतं. कटर इतका आत घालायची की कापडाला भोक पडायचं. मग भरलेल्या डोळ्यांनी शर्ट घेऊन थोरलीकडे यायची, आणि थोरली बारीक टाके घालून ते भोक असं बुजवायची की तपासणाऱ्यालाही कळू नये. कार्ड तिचं आणि बोटं माझी, असं थोरली मनात म्हणायची. कधी कधी मोठ्यानंही म्हणायची. धाकटी मान खाली घालून ऐकून घ्यायची.

महिन्याभरापूर्वी मंडळानं पुन्हा नोंदणी उघडली, मागे राहिलेल्यांसाठी. एक तर ठेकेदाराची चिठ्ठी आणा, नाहीतर तुमचं काम डोळ्यांनी पाहिलेल्या कार्डवाल्या बाईची साक्ष. ठेकेदार चिठ्ठी देतोय कशाला! गल्लीतल्या सहांपैकी तिघी वारल्या होत्या, दोघी मुलांकडे राहायला गेल्या होत्या. उरली कोण तर धाकटी. एकोणतीस दिवस थोरलीनं तोंडातून शब्द काढला नाही. माझ्या एकतीस वर्षांच्या कामाला हिची सही लागावी? हिची? तिसाव्या दिवशी पहाटे कूस बदलताना कानात खरखर झाली, आणि तिला उशी सुचली.

मंडळाच्या ऑफिसात एकच खिडकी उघडी होती आणि तिच्यापुढे पंधरा-वीस बायांची रांग. थोरलीचा नंबर लागायला अकरा वाजले. खिडकीमागे एक मध्यमवयीन बाई बसल्या होत्या, सकाळपासून तेच तेच विचारून आवाज बसलेला.

"साक्षीदार?"

"नाही."

"ठेकेदाराची चिठ्ठी?"

"तो देईल होय?"

"मग आणलंय काय?"

थोरलीनं उशी उचलून खिडकीत ठेवली. खिडकीतून पलीकडचं काही दिसेना.

"हे काय, बाई?"

"पुरावा."

रांगेत हसू फुटलं. "मग गादीच आणायची होती!" मागून कुणीतरी म्हणालं. खिडकीवरच्या बाईही हसल्या. "अहो, अर्जाला उशी कशी टाचू मी?"

थोरलीचे कान तापले. शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. एरवी ती उशी उचलून चालती झाली असती. पण घरी पडवीत धाकटी बसलेली असणार, चष्म्यावरून बघत विचारणार, झालं का जाऊबाई? ते काही तिला सोसणार नव्हतं. तिनं पिशवीतून कटर काढला आणि उशीची शिवण कचाकच उसवली. हात आत घालून मूठभर धागे बाहेर काढले आणि खिडकीत ठेवले.

"हे पांढरे, हल्लीचे. शाळेच्या शर्टांचे. खाली बघा, हे निळे, ते दोन वर्षं नुसता निळा माल येत होता, माझा मुलगा तेव्हा पाळण्यात होता. हा पिवळा आता येतच नाही. कुठल्या वर्षीचा कुठला रंग ते विचारा, सांगते मी." ती मुठी भरभरून काढत राहिली. धागे खिडकीतून सांडले, तिच्या अंगावर पडले, फरशीवर पडले. "कोण म्हणतं मी काही करत नाही? घरी बसून एवढे धागे काय मी विकत आणले?"

रांगेतलं हसू बंद झालं होतं. "आमच्याकडे तीन आहेत," एक म्हातारी हळूच म्हणाली. "कधी लक्षातच आलं नाही."

खिडकीवरच्या बाईंनी धागे हातानं बाजूला सारले. "पत्ता सांगा," त्या म्हणाल्या, पण आता आवाज मऊ होता. "पाहणीत तुमचं घर झालं असेल तर तो शेरा आधी बघावा लागतो."

कपाटातून जाडजूड रजिस्टर निघालं. पानं पिवळी पडलेली. बाईंनी बोट फिरवत थोरलीचं नाव शोधलं आणि मोठ्यानं वाचलं. "घरी असते. काही काम करत नाही."

एकोणीस वर्षांपूर्वी थोरलीनंच ते सांगितलं होतं. पण दुसऱ्याच्या तोंडून, चार माणसांत, ते तिला ऐकवेना. ज्या वर्षी लिहिलं त्या वर्षी तिनं गरोदरपणात, नवव्या महिन्यापर्यंत काम केलं होतं, आणि ते मूल हाती लागलं नव्हतं.

"ते पुसा," ती म्हणाली.

"पुसता येत नाही. खाली नवी ओळ लिहिता येते, साक्ष मिळाली तर." बाई थांबल्या. त्यांचं बोट कडेच्या समासात गेलं. "इथे बारीक अक्षरात काहीतरी आहे. 'शेजारील स्त्रीने सांगितले की तिची मोठी जाऊ हेच काम अनेक वर्षे करते व तिला काम शिकवले तेही जावेनेच. त्यावरून या घरी पुन्हा जाऊन विचारले. नकार दिला. घरात धागा आढळला नाही.'"

थोरलीनं खिडकीची कड धरली.

पाणी. ती बाई पाणी प्यायला आलीच नव्हती. हातातलं भांडं नावापुरतं होतं, ती धागा शोधत होती. एक धागा, पलंगाखाली, कोपऱ्यात, थोरलीच्या खांद्यावर, कुठेही. दुसऱ्यांदा संधी द्यायला आली होती आणि आपण तिला छाती पुढे काढून म्हणालो, बघा की! तोच प्रसंग आपण गल्लीभर मिरवला. थोरलीला पहिल्यांदा आला तो रागच. धाकटीनं नाव सांगितलं होतं! आणि इतकी वर्षं तोंडाला कुलूप लावून बसली? आता तिचा हेवा करायचा तो तरी कुठल्या तोंडानं करायचा? तेवढं एक हक्काचं होतं, तेही मेलीनं ठेवलं नाही.

"ही शेजारची बाई हयात आहे का?" खिडकीवरच्या बाईंनी विचारलं. "तिला घेऊन या. पाचला खिडकी बंद होते. आणि आधीच सांगते, नंतर रडू नका. म्हातारपणाच्या रकमेला दहा वर्षांची नोंद लागते. तुमची आजपासून धरणार. चष्मा मिळेल, दवाखाना मिळेल. मागचं काही मिळणार नाही."

"मला ती नवी ओळ पाहिजे," थोरली म्हणाली.

फाटकी उशी कवटाळून ती घरी आली तेव्हा दुपार कलायला लागली होती. धाकटी होती तिथेच होती.

"तू त्या पाहणीवालीला माझं नाव सांगितलं होतंस?"

धाकटीच्या हातातला कटर थांबला. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "तुम्हाला आज कळलं?"

"आज म्हणजे?"

"मला वाटायचं, तुम्हाला तेव्हाच कळलंय. म्हणून टोचून बोलता." धाकटीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी घाबरले होते हो. माझ्या एकटीचं नाव लिहिलं तर माझ्या एकटीचं काम जाणार. दोघी असलो तर ठेकेदार दोघींना काढणार नाही, असं वाटलं. म्हणून तुमचं नाव घेतलं. तुम्हाला बुडवायलाच घेतलं म्हणा ना. आणि मग दोन महिने तुम्ही मला तुमच्यातलं काम दिलंत. कुठल्या तोंडानं सांगणार होते?"

थोरली पायरीवरच बसली. एकोणीस वर्षं आपण समोर बसून हिचं नशीब बघून जळत होतो, आणि ही खाली मान घालून स्वतःला चोर समजत होती. आपण मारलेला टोमणा न् टोमणा तिनं दंड भरल्यासारखा भरला होता. थोरलीला हसावं की रडावं कळेना. तिला वाटलं, सकाळी निघताना एवढंच म्हणायचं होतं की ये बरोबर.

"माझं नाव सांगून माझं वाटोळं करायला निघालीस," ती म्हणाली, "आणि तेही तुला नीट जमलं नाही. कुठलं काम जमलंय तुला आजवर?"

धाकटी रडता रडता हसली.

"चल," थोरली म्हणाली. ती पायरीवरून उठली. "साक्ष द्यायला चल माझी."

"थांबा, कपडे बदलते. अंगभर धागे आहेत."

"राहू देत. ऊठ."

ऑफिसात पोहोचल्या तेव्हा साडेचार वाजून गेले होते. फरशीवरचे धागे कुणीतरी एका कोपऱ्यात लोटून ठेवले होते. खिडकीवरच्या बाईंनी धाकटीचं कार्ड बघितलं, चेहरा बघितला.

"यांचं काम तुम्ही स्वतः पाहिलंय?"

"पाहिलंय म्हणजे?" धाकटी म्हणाली. "मला शिकवलं त्यांनी. त्यांचा गठ्ठा खोट काढून कधी परत आला नाही, एकदाही नाही. मला त्यांच्या हाताचा असा हेवा वाटायचा, काय सांगू! माझ्या शर्टांना पडलेली भोकं तर सगळी त्यांनीच शिवलीत. निम्मं काम माझं त्यांनीच केलंय, तेही लिहा."

"ते नको लिहायला सांगू," थोरली दबक्या आवाजात म्हणाली. "आहे ते कार्ड जाईल तुझं."

आपल्याला हेवा वाटायचा, हे ही बया चार माणसांत केवढ्या सहज बोलून गेली! थोरलीला एवढ्या वर्षांत ते स्वतःशीसुद्धा म्हणता आलं नव्हतं. यातही हीच पुढे.

अर्जावर सही करायची होती. रेघ इतकी फिकट की कुठे आहे ते थोरलीला दिसेना. धाकटीनं मुकाट्यानं आपला चष्मा उतरवून तिच्यापुढे धरला. सोनेरी काड्यांचा, नववा. थोरलीनं क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि नवऱ्याचा चष्मा काढून तो डोळ्यांवर चढवला. खिडकी, कागद, बाईंचा चेहरा, सगळं एकमेकांत मिसळून पोहायला लागलं.

"यातलं तर मला काहीच दिसत नाही गं," ती म्हणाली. तिला खरोखरच नवल वाटलं.

शेवटी बाईंनी रेघेवर बोट ठेवलं आणि तिनं सही केली. मग बाईंनी रजिस्टर जवळ ओढून त्या जुन्या ओळीखाली लिहायला घेतलं. लिहून झालं.

"वाचून दाखवा," ती म्हणाली.

"धागे कापण्याचे काम. एकतीस वर्षे."

"वरचं वाचू नका. तेवढंच परत वाचा."

बाईंनी परत वाचलं. मग त्यांनी थोरलीला खिडकीपुढच्या स्टुलावर बसवलं आणि खिडकीतला छोटा कॅमेरा सारखा केला. "फोटो कार्डावर येणार, सरळ बसा. आणि हो, खांद्यावर निळा धागा आहे बघा, तेवढा काढा."

धाकटीचा हात लगेच पुढे आला. थोरलीनं तो मनगटाशी धरला आणि आपल्या मांडीवर दाबून ठेवला.

"असू दे," ती म्हणाली. "काढा फोटो."